सत्तर टर्नचं गाव

युद्ध पुकारायच्या आधी मी माउसचं चाक फिरवून नकाशा अगदी जवळ घेते. फौज सीमेवर येऊन थांबलेली असते, पण त्या वेळी मला फौज बघायची नसते. सीमेपलीकडे नदी असते आणि नदीच्या काठाला एक गाव. सुरुवातीला तिथे एकच झोपडी होती. मग दोन-तीन घरं झाली, आणि आता घरांचा असा दाट पुंजका झालाय की खालची हिरवळ जेमतेम दिसते. त्या गावाला नाव नाही. या खेळात शहरांना नावं असतात, गावांना नसतात. पण शहराचा पैसा अशाच चार-पाच बिननावाच्या गावांतून येत असतो, आणि माझ्या फौजेचं पहिलं पाऊल पडणार ते याच गावाच्या शिवारात.

मग मी बराच वेळ काहीच करत नाही. पंखा फिरत असतो, खालून एखादी रिक्षा जाते. संगणकाला घाई नसते. टर्न, म्हणजे माझी एक चाल, संपवल्याचं बटण दाबेपर्यंत ते सगळं जग, माझं आणि शेजाऱ्याचं, जागच्या जागी थांबून राहतं.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतला हा चौथा भाग, २००५ सालचा. मालिका सुरू झाली १९९१ साली. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीत पहिला खेळ रचला. चौथ्या भागाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्या हाती वस्ती करायला निघालेली थोडी माणसं असतात, भोवती सगळा काळोख असतो, आणि तिथून थेट इसवी सन २०५० पर्यंत राज्य सांभाळायचं असतं. शहरं वसवायची, शोध लावायचे, तह करायचे, लढायचं. खेळ उघडला की आधी एक समूहगीत लागतं, ‘बाबा येतू’. क्रिस्टोफर टिन यांनी स्वाहिली भाषेतल्या प्रार्थनेला दिलेली ही चाल. २०११ साली तिला ग्रॅमी मिळालं आणि एखाद्या व्हिडिओ गेमच्या संगीताला ग्रॅमी मिळण्याची ती पहिलीच वेळ. मी ते गाणं पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. पुढे जी काही मारामारी व्हायची ती होतेच, पण सुरुवात एवढ्या उजेडानं व्हावी हे मला बरं वाटतं.

पण मला या खेळाशी बांधून ठेवलं ते गाण्यानं नाही आणि लढायांनीही नाही. त्या झोपडीनं.

नियम साधा आहे. मजूर मोकळ्या जमिनीवर झोपडी बांधतात. जवळच्या शहरातला एक नागरिक तिथे कामाला लावला की त्या जागेतून दर टर्नला एक नाणं जादा येऊ लागतं. दहा टर्न तो तिथे राबला की झोपडीची वाडी होते, दोन नाणी येतात. आणखी वीस टर्ननी वाडीचं खेडं, तीन नाणी. आणखी चाळीस टर्ननी खेड्याचं गाव, चार नाणी. पुढे छापखान्याचा शोध लागला की खेड्यापाड्यांतून आणखी एकेक नाणं. खेळाचा वेग नेहमीचा ठेवला तर झोपडीपासून गावापर्यंत सत्तर टर्न लागतात. एवढ्या काळात तुमच्या राज्यात लिपी येते, नाणी येतात, एखादा धर्म येतो, शेजारी राजा दोनदा रुसतो आणि एकदा हसतो. झोपडी मात्र आपल्या गतीनं वाढत राहते. तिला पैसे देऊन घाई करता येत नाही. हुकूम सोडून तिचं गाव करता येत नाही. तिथे एक माणूस रोज गेला पाहिजे, एवढी एकच तिची अट.

आणि तो माणूस जातो की नाही, हे तुमच्या हातात असतं. शहराचा पडदा उघडला की भोवतालची जमीन दिसते आणि जिथे जिथे माणूस कामाला आहे तिथे तिथे एक वर्तुळ. नदीकाठच्या झोपडीवरचं वर्तुळ उचलून डोंगरातल्या खाणीवर ठेवायला एक क्लिक पुरते. खाणीमुळे शहराचं उत्पादन वाढतं, तलवारबाजांची तुकडी चार टर्न आधी तयार होते. झोपडी मोडत नाही, तिची वाढ तेवढी थांबते. हा एक माणूस आज नदीकाठी जाणार की खाणीत? फौज आणि खजिना यांच्यातल्या तोलाबद्दल कितीही मोठं बोललं जावो, तो तोल अखेर या एका वर्तुळाच्या जागेवर ठरतो. राजधानीच्या दरबारात तो दिसतच नाही.

माझा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून येतो तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीनं खेळतो. त्याला रोमच लागतं. कारण रोमकडे प्रिटोरियन आहेत. इतिहासात प्रिटोरियन म्हणजे सम्राटाचे अंगरक्षक. खेळात ते लोखंडी तलवारीचे पायदळ होऊन आलेत, आणि असे आलेत की त्यांच्यापुढे त्या काळातलं कुणी टिकत नाही. साध्या तलवारबाजाची ताकद सहा, प्रिटोरियनची आठ. कागदावर दोनाचाच फरक, पण रणांगणावर तो फार मोठा पडतो. ‘मावशी, फक्त लोखंड सापडू दे,’ असं म्हणत तो नकाशा धुंडाळतो, आणि लोखंड सापडलं की झोपड्यांवरची सगळी वर्तुळं खाणींवर जातात.

पहिला शेजारी लवकरच पडतो. मग दुसरा. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात संशोधनाची टक्केवारी असते, तिच्या शेजारी अधिक आणि उणे अशी दोन छोटी बटणं. राज्यातल्या व्यापाराचा किती हिस्सा संशोधनाला द्यायचा ते तिथे दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यानं ठरतं, उरलेला खजिन्यात. मोहिमेच्या सुरुवातीला तिथे शंभर असतं. तीन शहरं आली की सत्तर. पाच आली की चाळीस. सातव्या शहरावर भाच्याचं निशाण लागतं तेव्हा तिथे शून्य असतं, आणि शून्यावरही खजिना दर टर्नला घटत असतो.

‘मी तर जिंकतोय ना? मग पैसे का संपतायत?’

त्यानं हे इतक्या कळवळून विचारलं की मला त्याचं फार कौतुक वाटलं. जिंकत असलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. मी त्याला एकेका शहराचा पडदा उघडून दाखवला. प्रत्येक शहराला देखभालीचा खर्च असतो. राजधानीपासून शहर जितकं लांब तितका तो जास्त. आणि राज्यात शहरं जितकी जास्त, तितका प्रत्येकच शहराचा खर्च थोडा थोडा वाढतो. म्हणजे सातवं शहर घेतलं की पहिली सहाही महाग होतात. वर परमुलखात असलेल्या फौजेचा रसदखर्च वेगळा. खजिना पुरता आटला की तुकड्या मोडू लागतात. शत्रू समोर नसतानाच फौज विरते.

तिसऱ्या भागात याऐवजी भ्रष्टाचार होता. लांबच्या शहरातलं सगळं उत्पन्न मधल्यामध्ये गायब व्हायचं, तरी शहर घेतल्यानं तोटा असा काही होत नसे, त्यामुळे माणूस घेतच सुटायचा. जॉन्सन यांनी चौथ्यात ते काढून टाकून खर्च आणला. एवढ्या एका बदलानं खेळाचा स्वभाव पालटला. आता प्रत्येक विजयाबरोबर एक बिल येतं, आणि ते दर टर्नला येतं.

भाच्याला मग उपाय सुचला, आणि तो कुणालाही सुचेल असाच होता. शहर जिंकलं की तिथल्या तिजोरीतली रक्कम मिळते. वाटेतली गावं लुटली तर त्याचीही नाणी मिळतात. तेव्हा लढत राहायचं. पुढच्या शहराच्या लुटीतून मागच्या शहराचा खर्च भागवायचा. हे चालतं, आणि बराच काळ चालतं. पण दिवाळीचा बोनस महिन्याच्या खर्चात धरणाऱ्या घरासारखी राज्याची गत होते. समोरची शहरं संपत आली की धडकी भरते. आता युद्ध करायला कारण लागत नाही, युद्ध थांबवायलाच परवडत नाही. विजयांची रांग बाहेरून पाहणाऱ्याला पराक्रम वाटते; आतून ती रोखीची चणचण असते. कितीतरी मोठ्या विजेत्यांच्या मोहिमा वाचताना मला आता हा संशय येतो की पुढे जाण्याची त्यांची ओढ जेवढी होती, तेवढीच मागे न फिरता येण्याची अडचणही असावी.

रोमचाच दाखला घ्यायचा तर सम्राट ट्रेजनचा घेता येईल. १०६ साली त्यानं डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा भाग, जिंकला. तिथे सोन्याच्या खाणी होत्या. त्या मोहिमेची चित्रं कोरलेला उंच स्तंभ रोममध्ये आजही उभा आहे. मग तो पूर्वेला वळला. आर्मेनिया घेतला, मेसोपोटेमिया घेतला, आणि साम्राज्य त्याच्या काळात सर्वांत मोठं झालं. ११७ साली तो गेला आणि हेड्रियन गादीवर आला. आल्याबरोबर त्यानं पूर्वेकडचे ते नवे प्रांत सोडून दिले. १२२ साली ब्रिटनमध्ये त्यानं भिंत बांधायला घेतली. इथपर्यंत आपलं, असं दगडात सांगणारी भिंत. ट्रेजनच्या स्तंभापुढे माणसं माना उंचावून उभी राहतात, आणि राहावंच, तो सुंदरच आहे. पण मला राज्यकर्ता म्हणून हेड्रियन अधिक धीराचा वाटतो. बापासारख्या माणसानं जिंकलेला मुलूख, सैन्याचं रक्त सांडलेला मुलूख, हिशेब बसत नाही म्हणून सोडायचा याला फार मोठी छाती लागते. खेळातही जिंकलेलं शहर परत देता येतं. ते बटण दाबणारा खेळाडू मी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक रोमन गोष्ट मला आवडते. ऑगस्टसनं इसवी सन ६ मध्ये फौजेसाठी निराळा खजिना उघडला, निवृत्त सैनिकांना द्यायच्या रकमेसाठी. त्यात भर पडावी म्हणून वारसाहक्कावर पाच टक्के कर बसवला. म्हणजे युद्धाचा खर्च युद्धाबरोबर संपत नाही, माणसं म्हातारी होतात, हे त्यानं हिशेबात धरलं होतं. आमच्या खेळात सैनिक म्हातारा होत नाही. इसवी सनापूर्वी भालाईत म्हणून उभा केलेला पहारेकरी विसाव्या शतकातही त्याच वेशीवर उभा असतो. नवं हत्यार द्यायचं असेल तेव्हा तेवढे पैसे मोजायचे. ही सवलत फार मोठी आहे, आणि खेळताना ती सवलत आहे हेच लक्षात येत नाही.

पण मी गावाबद्दल सांगत होते. शत्रूचं गाव लुटता येतं. एका हल्ल्यात गावाचं खेडं होतं, दुसऱ्यात खेड्याची वाडी, तिसऱ्यात वाडीची झोपडी, चौथ्यात काहीच उरत नाही, गवत. चार हल्ले. दर हल्ल्याला मूठभर नाणी. भाचा सगळी गावं लुटतो. त्याचं म्हणणं खोटंही नाही: शत्रूचं उत्पन्न तुटतं, आपल्या हाती रोकड येते, आणि फौज पुढे सरकते. पण शहर पडल्यावर तो जेव्हा त्या मुलखाचा धनी होतो, तेव्हा भोवती नुसतं गवत असतं. शहराचा खर्च मात्र पुरा असतो. ज्या गावांनी तो खर्च भागवला असता ती त्यानंच चार-सहा टर्नआधी जाळलेली असतात. आता पुन्हा झोपडीपासून सुरुवात. पुन्हा सत्तर टर्न.

जमीन घेता येते, शहर घेता येतं, तिजोरी घेता येते. त्या जमिनीत दुसऱ्या कुणी घातलेला काळसुद्धा घेता येतो, पण एकाच अटीवर: तो तुमच्या हातून जळता कामा नये. जळाला तर तो त्याचाही जातो आणि तुमचाही. या खेळानं मला शिकवलेली ही गोष्ट मी दुसरीकडेही वाचली होती, फार आधी, कॉलेजात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. ते सगळं पुस्तकच राज्य कसं राखावं याबद्दल आहे. त्यात गडांवर लिहिलंय, सावकारांवर लिहिलंय, आरमारावर लिहिलंय. आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय निघतो. जहाजांना लाकूड हवं. ते रानातलं सागवान परवानगीनं तोडावं. आंब्या-फणसाची झाडंही जहाजांच्या कामाची असतात, पण त्यांना हात लावू नये, असं अमात्य बजावतात. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं.

हे लिहिणारा माणूस युद्धापासून दूर बसलेला नव्हता. राजाराम महाराज जिंजीला असताना, मोगल फौजा मुलूखभर पसरलेल्या असताना, इथला कारभार ज्यांनी धरून ठेवला त्यांत रामचंद्रपंत पुढे होते. रसद तुटणं म्हणजे काय, फौजेचे पगार थकणं म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आरमार नको असं ते म्हणत नाहीत. आरमार हवंच. पण जे झाड वाढायला एक आयुष्य लागतं ते डोलकाठीसाठी एका सकाळी आडवं करायचं नाही. लढणाऱ्या राज्यात बसून, लढाईच्या गरजेसमोर, त्यांनी झाडाच्या वयाची बाजू घेतली. फौज आणि कारभार यांच्यातल्या तोलाबद्दल मी याहून नेमकं काही वाचलेलं नाही.

म्हणून मी गावं लुटत नाही. वळसा घालून जाते. त्यानं मोहीम लांबते, शत्रूला दोन-चार तुकड्या उभ्या करायला वेळ मिळतो, माझे काही लोक जास्त पडतात. पण शहर हाती येतं तेव्हा नदीकाठचं गाव जागेवर असतं. शहर काही टर्न बंडात असतं, काहीच देत नाही. काही इमारती ढासळलेल्या असतात. धान्याचं कोठार कधी वाचलेलं असतं, कधी नसतं. मग एक दिवस बंड शमतं, कुणीतरी एक माणूस पुन्हा नदीकाठी जातो आणि चार नाणी माझ्या खजिन्यात येतात. त्या चार नाण्यांनी मला जेवढा आनंद होतो तेवढा शहराच्या वेशीवर निशाण लागताना होत नाही.

बिल भागवायचे बाकी रस्तेही खेळात आहेत, आणि ते कुठे सापडतात ते बघण्यासारखं आहे. विस्तारून कंगाल झालेल्या रोमला वाचवणारे शोध दोन: चलन आणि कायदेसंहिता. चलन आलं की प्रत्येक शहराला एक व्यापारी मार्ग जास्तीचा मिळतो, बाजार बांधता येतो. कायदेसंहिता आली की न्यायालय बांधता येतं, आणि न्यायालय असलेल्या शहराचा देखभालखर्च निम्म्यावर येतो. तलवारीनं मिळवलेला मुलूख टिकतो तो अखेर बाजारामुळे आणि न्यायकचेरीमुळे. भाच्यानं पहिल्यांदा सात शहरांत सात न्यायालयं बांधली तेव्हा तो फार कंटाळला होता. प्रत्येक शहरात वीस-वीस टर्न तेच काम. पण कोपऱ्यातला आकडा शून्यावरून वीसवर, वीसवरून पन्नासवर चढला तेव्हा तो खुर्चीत सरसावून बसला. ‘मावशी, हे आधीच करायला हवं होतं ना?’ हो. आणि हे करायच्या आत सातवं शहर घ्यायला नको होतं.

व्यापारी मार्गांत आणखी एक मर्म आहे. आपल्याच शहरांतल्या व्यापारापेक्षा परक्या राज्याशी केलेल्या व्यापारात जास्त मिळकत असते, आणि युद्ध पुकारताच त्या राज्याशी असलेले मार्ग बंद होतात. म्हणजे शेवटचा शेजारी जिंकला की विकायला माल असतो, गिऱ्हाईक नसतं. सगळा खंड आपल्याच रंगाचा झाला की नकाशा फार भव्य दिसतो आणि बाजार ओस पडतो. मी एखादा तरी शेजारी नेहमी राखते. त्याच्याबद्दल मला खरोखर आपुलकी वाटू लागलीय.

जिंकलेल्या शहराच्या पडद्यावर खाली एक पट्टी असते. तिथले लोक स्वतःला कोण समजतात हे ती टक्क्यांत सांगते. ग्रीकांचं शहर घेतलं तर तिथे लिहिलेलं असतं: इतके टक्के ग्रीक, इतके टक्के रोमन. पहिल्या दिवशी रोमन जवळजवळ कुणीच नसतं. मी तिथे नाट्यगृह बांधते, वाचनालय बांधते, रस्ता नेते, आणि ती पट्टी केसभर सरकते. दोनशे वर्षांनीही ग्रीक असतातच. मूळ राज्य अजून जिवंत असेल तर शहराच्या नाराजीच्या कारणांत एक ओळ दिसते, आम्हाला आमच्या मायभूमीत परत जायचंय, अशा अर्थाची. ती वाचली की हात थबकतो. पोट भरलेलं आहे, वाचनालय आहे, न्यायालय आहे, कर माफक आहे, तरी ती ओळ आहे. तिच्यावर खजिन्याचा इलाज नाही. फौजेचाही नाही. हिशेबात न मावणारी अशी एक ओळ खेळ रचणाऱ्यांनी त्यात ठेवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सगळीकडे मात्र त्यांनी एवढी नजर ठेवली नाही. ब्राँझचा शोध लागला की गुलामगिरीची राज्यपद्धत खुली होते. तिच्यात शहराची लोकसंख्या एकानं, दोनानं कमी करून इमारत किंवा तुकडी तिथल्या तिथे पुरी करता येते. खेळात मुरलेले लोक ही सर्वांत उपयोगी पद्धतींपैकी एक मानतात, आणि आकड्यांच्या हिशेबानं ते बरोबर आहे. धान्य असलं की लोकसंख्या पुन्हा भरते; दहा टर्न थोडी नाराजी राहते, मग तीही निवळते. मी ते बटण दाबत नाही. त्यामुळे माझं राज्य मागे राहतं हे मला ठाऊक आहे. झोपडीला सत्तर टर्न देणाऱ्या खेळानं माणसाला दहा टर्नांत विसरावं, हे मला पटत नाही. जिंकलेलं शहर ठेवायचं की जाळायचं, असाही प्रश्न खेळ विचारतो. भाचा लांबची शहरं जाळायचा, खर्च वाचतो म्हणून. मी त्याला म्हटलं, ‘आधी एकदा शहर बघ तरी.’ तशी सोय आहे, निर्णयाआधी पडदा उघडून शहर पाहता येतं. त्यानं पाहिलं. तिथे कोठार होतं, दोन वाड्या होत्या, समुद्रात मासळी होती. त्यानं ते ठेवलं, आणि त्यानंतर खर्चाची रड एकदाही केली नाही.

हे सगळं सुचायला फुरसत मिळते ती टर्नमुळे. सिड मायर यांनी सांगितलंय की पहिल्या खेळाचा कच्चा आराखडा टर्नचा नव्हताच. जग आपलं आपण चालत राहायचं आणि खेळणाऱ्यानं ते बघत राहायचं, १९८९ च्या ‘सिमसिटी’सारखं. नंतर त्यांनी ते थांबवलं. तुम्ही चाल करा, मग जग हलेल. मला हा त्या खेळातला सगळ्यात उदार निर्णय वाटतो. कुठल्याही खऱ्या राजासाठी जग थांबलेलं नाही. ट्रेजनसाठी नाही, रामचंद्रपंतांसाठी तर नाहीच. घोडेस्वार खबर घेऊन दारात, पगारासाठी फौज अडून बसलेली, आणि अशात झाडाच्या वयाचा विचार त्यांना करावा लागला. आपल्याला मात्र नकाशा जवळ घेऊन, ते गाव कुणाच्या राबण्यातून उभं राहिलं हे बघत हवा तेवढा वेळ बसता येतं. मग एवढा वेळ हाती असून आपण तो फक्त तुकड्या मोजण्यात घालवला, तर ते फार दरिद्री खेळणं झालं.

मालिका पुढे गेली. पाचवा भाग २०१० साली आला, सहावा २०१६ साली, सातवा २०२५ साली. चित्रं देखणी झाली, चौकोनांचे षट्कोन झाले, लढाया जास्त डोक्याच्या झाल्या. पण चौथ्यातली ती झोपडी, जी कुणीतरी रोज गेल्यामुळे वाडी होते, खेडं होतं, गाव होतं, ती पुढच्या कुठल्याच भागात आली नाही. सहाव्यात लुटलेलं शेत मजूर येऊन पटकन दुरुस्त करतो आणि ते पूर्वीसारखं होतं. ही सोय आहे, पण माझ्या लेखी ते नुकसान आहे. जाळण्याची किंमत त्यामुळे फार उतरली.

तुम्हाला हा खेळ सुरू करायचा असेल तर चौथ्यापासून करा. जुन्या संगणकावरही तो चालतो. रोम घ्या, प्रिटोरियनही घ्या, पहिलं युद्ध जिंका. फक्त शेजाऱ्याची गावं लुटू नका, आणि तिसऱ्या शहरानंतर थांबून न्यायालयं बांधा.